अनुभवाचा दाखला द्यायचा कोणी?

नोकरीच्या अर्जात कोणी खोटे लिहिले की आपण त्याच्या चारित्र्याची चर्चा करतो. पण त्या अर्जाचा इतिहास पाहिला तर प्रश्न एकट्या उमेदवारापाशी संपत नाही. अर्जदाराचे कागद तपासण्याचे नवे नवे मार्ग आपण प्रत्येक पिढीत काढले. ज्याने काम करून घेतले त्याने त्या कामाचा खरा दाखला दिलाच पाहिजे, हा आग्रह मात्र कधी तेवढ्या जोराने धरला नाही. दिल्लीजवळच्या नोएडाइतके हे दुसऱ्या गावात क्वचितच स्पष्ट दिसेल. आणीबाणीच्या काळात, 17 एप्रिल 1976 रोजी, यमुना आणि हिंडन या नद्यांच्या मधल्या खेड्यांच्या जमिनीवर हे औद्योगिक नगर उभारायला सुरुवात झाली. तेव्हा सरकारी किंवा मोठ्या कंपनीतल्या नोकरीच्या अर्जाला गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जोडाव्या लागत. राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का मिळवण्यासाठी तरुण मुले कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत. ज्याच्या ओळखीत असा अधिकारी नव्हता, तो खरा असूनही अडून राहायचा. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने स्वयंसाक्षांकनाची शिफारस केली, 2013 पासून केंद्राने ती पद्धत पुढे रेटली आणि 2015 मध्ये महाराष्ट्र शासनानेही स्वयंघोषणापत्र स्वीकारले. नागरिकाच्या शब्दावर आधी विश्वास ठेवावा, हे त्यामागचे तत्त्व मला फार मोलाचे वाटते.

खासगी नोकऱ्यांचे जग तोवर वेगळ्या दिशेने गेले होते. संजीव बिखचंदानी दिल्लीत हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत होते. तेथे सहकारी ‘बिझनेस इंडिया’चा अंक मागच्या पानांपासून, म्हणजे नोकरीच्या जाहिरातींपासून, वाचायला घेत, हे त्यांनी पाहिले होते. त्या निरीक्षणातून 1997 मध्ये नौकरी डॉट कॉम सुरू झाले. ते चालवणारी इन्फो एज 2006 मध्ये शेअर बाजारात आली आणि तिचा कारभार आज नोएडातून चालतो. या बदलाने अर्जाची घडणच पालटली. पूर्वी उमेदवार एका जागेसाठी, एका मालकाला उद्देशून पत्र लिहायचा. आता त्याचा बायोडेटा साठ्यात पडून असतो आणि भरती करणारा अनुभवाची वर्षे, कौशल्याचे शब्द, सध्याचा पगार असे निकष लावून तो चाळतो. दोन वर्षे अकरा महिने काम केलेला माणूस ‘किमान तीन वर्षे’ या चाळणीत कोणाच्या नजरेस न पडताच गळतो. महिनाभर वाढवून लिहिण्याचा मोह येथे जन्मतो. पुढे त्याच मोहावर बनावट अनुभवपत्रे विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला.

उद्योगाने याला उत्तर दिले ते पुन्हा कागदाच्या तपासणीचेच. नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेने 2006 मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री काढली. आयटी कर्मचाऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे, शिक्षण आणि मागच्या नोकऱ्या तिच्यात नोंदल्या जाऊ लागल्या. 2014 मध्ये भविष्यनिर्वाह निधीसाठी यूएएन हा सार्वत्रिक खाते क्रमांक आला आणि मागचा मालक कोण होता हे त्यावरूनही कळू लागले. तरीही 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ॲक्सेंचरला भारतातील काही कर्मचारी खोट्या अनुभवपत्रांमुळे काढावे लागले. ही तपासणी हवीच. पण तिची जाळी कोणाला धरते आणि कोणाला वगळते, हेही पाहिले पाहिजे.

नोएडाच्या जुन्या सेक्टरांतल्या छोट्या कारखान्यांचे उदाहरण घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा 1952 चा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होत आला. पंधरा जणांच्या शेडमध्ये सहा वर्षे लेथ चालवणाऱ्याची निधीच्या साठ्यात एकही नोंद नसते. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा 1946 चा. त्याखालच्या नमुना आदेशांत सेवा संपताना दाखला मिळण्याचा हक्क होता, पण तो कायम कामगाराला, आणि मूळ कायदा शंभर कामगारांच्या आस्थापनांपासून पुढचा होता. ठेकेदारामार्फत घेतलेला, रोखीने पगार मिळणारा माणूस प्रत्यक्षात बहुतेकदा दोन्हींच्या बाहेर राहत आला. त्याच्या हातात खरे कसब असते, पण पुरावा नसतो; विकत घेतलेले पत्र बाळगणाऱ्याकडे कसब नसते, पण कागद असतो. ज्या पद्धतीत खरा माणूस संशयित ठरतो, तिने त्याला प्रामाणिकपणाचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, की मग खोटे बोलणाऱ्याला तुम्ही सूटच देता आहात. मुळीच नाही. खोट्या अर्जाचा पहिला बळी कंपनी नसते. जी जागा गेली, ती रांगेतल्या दुसऱ्या उमेदवाराची असते. महाराष्ट्रातल्या बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हेच बजावले: अवैध ठरलेल्या जातप्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी टिकू शकत नाही, कारण ती खऱ्या हक्कदाराची होती. मालकही जाहिरातीत खोटे बोलतात, हा दुसरा युक्तिवादही खरा आहे. नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणारी बनावट कॉल सेंटरे नोएडात पोलिसांनी अनेकदा पकडली आहेत. पण त्यांनी फसवले म्हणून आपल्या शेजारच्या उमेदवाराला फसवण्याचा अधिकार मिळत नाही. मला सर्वांत न्याय्य वाटते ती अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली रीत. उमेदवाराने माहिती खरीच द्यावी. मात्र विचारणाऱ्याने प्रश्न नेमका विचारावा, जे विचारलेच नाही ते लपवल्याचा दोष देऊ नये, आणि तरुण वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब असेल तर तारतम्य ठेवावे. ते प्रकरण गुन्ह्यांची माहिती दडवण्याचे होते, पण दोन्ही बाजूंवर जबाबदारी टाकण्याची ती समज भरतीच्या प्रत्येक अर्जाला लावता येईल.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि नियुक्तिपत्र देणे मालकांवर बंधनकारक झाले. पंधरा जणांच्या शेडपर्यंत ते पोचले, तर लेथवरच्या माणसाकडे निदान रुजू झाल्याची तारीख असेल. पण नियुक्तिपत्र कामाच्या पहिल्या दिवसाचे असते. पुढच्या सहा वर्षांत तो काय शिकला आणि त्याने काय घडवले, हे लिहून सही करण्याचे काम अजूनही बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर आहे, आणि तपासणीचा पैसा व कष्ट आपण आधी तिकडे वळवायला हवे होते.