मोबाईलवर सरकारी डॉक्टर : 'ई-संजीवनी' कशी वापरायची? कुठे वापरायची नाही?

तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की एक रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. म्हणून साधा आजारही अंगावर काढला जातो. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही मोफत सेवा अशा वेळी कामाला येते. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल 2020 मध्ये, ती घरबसल्या सर्वांसाठी सुरू झाली.

घरून वापरायची असेल तर
- 'ई-संजीवनी' ॲप किंवा सरकारी संकेतस्थळ उघडून मोबाईल नंबर टाका. आलेला ओटीपी भरा.
- रुग्णाचं नाव, वय, त्रास लिहा. जुने रिपोर्ट असतील तर फोटो जोडा.
- टोकन मिळतं. नंबर आला की डॉक्टर व्हिडिओवर बोलतात.
- शेवटी औषधाची चिठ्ठी मोबाईलवर येते. ती जपून ठेवा.

स्मार्टफोन किंवा रेंज नसेल तर
गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) बीपी, साखर तपासतात आणि समोर बसवून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. म्हाताऱ्या माणसांना हाच मार्ग सोपा, कारण तपासणी हातानं होते आणि उपकेंद्रात उपलब्ध असलेली औषधं तिथंच मिळतात. सीएचओ कधी भेटतील हे आशाताईंना आधी विचारून घ्यावं, म्हणजे हेलपाटा होत नाही.

कशासाठी चालते?
सर्दी-ताप, खाज-गजकर्ण, पित्त, बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांबद्दल विचारणं, रिपोर्ट दाखवणं. डॉक्टरांना पोट दाबून किंवा छातीला नळी लावून बघता येत नाही. त्यामुळे 'प्रत्यक्ष दाखवा' असं सांगितलं तर टाळू नका.

इथे मोबाईल बाजूला ठेवा
साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, विषारी औषध पोटात गेलं, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, लहान लेकराला धाप लागली, तर टोकन काढत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. साप चावल्यावर मांत्रिकाकडेही वेळ घालवू नका. चावलेला भाग हलवू न देता माणूस सरळ दवाखान्यात न्या. त्यावरचं औषध फक्त दवाखान्यातच मिळतं.

मन थाऱ्यावर नसेल तर
कर्ज, नापिकी, घरातले ताण यामुळे झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर 'टेलिमानस'च्या 14416 या नंबरवर बोला. 2022 पासूनची ही सेवा मोफत आहे आणि 24 तास चालू असते. साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते.

फसवणूक टाळा
ई-संजीवनीला फी नाही. कोणी नोंदणीचे पैसे मागितले, बँकेचा ओटीपी विचारला तर फोन ठेवून द्या. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.