मेंढवाड्यातून दिवाणखान्यात



या व्याख्यानमालेत आजवर अधिकारी माणसे भारदस्त विषयांवर बोलून गेली आहेत. त्यांच्या पंक्तीला बसून मी कुत्र्याविषयी बोलणार हे कळल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. त्यात त्यांचा दोष नाही. माझी हयात कामगारांच्या संघटनेत गेली. शाळा दहावीपर्यंत झाली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा प्राणिशास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु कामाविषयी मला थोडे कळते, आणि काम सुटले म्हणजे जिवाचे काय होते तेही मी जवळून पाहिले आहे. आज ज्या कुत्र्याची हकीकत मी सांगणार आहे, ती मुळात कामाचीच हकीकत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका भांडणामुळे. आमच्या युनियनमधील एका सभासदाने काही वर्षांपूर्वी अल्सेशियन जातीचे पिल्लू घरी आणले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे सात-आठ पावलांची गॅलरी, घरात नवराबायको, दोन मुले आणि म्हातारी आई. दूध, अंडी, मटण कशाचीही ददात नव्हती. वर्षभरात पिल्लू गुडघ्याच्या वर गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. त्याने सोफा फाडला, दाराची चौकट कुरतडली. मुले खेळू लागली की तो त्यांच्याभोवती फेऱ्या घालून त्यांना एका कोपऱ्यात कोंडी. माणसे बाहेर गेली की गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन् तास येरझारा घाली आणि भुंके. शेवटी सोसायटीने नोटीस दिली. तो गृहस्थ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही मालकांशी तडजोडी करता, तेवढी आमच्या शेजाऱ्यांशी करून द्या. पण आधी मला सांगा, आम्ही त्याला काय कमी केले?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे वाचनालयात गेलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की अल्सेशियन हे त्याचे जन्मनाव नव्हे. तो जर्मनीचा, आणि त्याच्या जर्मन नावाचा सरळ अर्थ 'जर्मन मेंढपाळी कुत्रा' असा आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात जर्मन नावाचीच चीड निर्माण झाली होती. म्हणून १९१९ साली तेथील केनेल क्लबाने त्याची नोंद अल्सास प्रांतावरून अल्सेशियन अशी केली. मूळचे नाव क्लबाने पुन्हा मान्य केले ते १९७७ साली. नावातून जर्मनी काढायला गेले आणि त्याबरोबर मेंढीही निघून गेली. आपल्या शहरांत आलेला हा कुत्रा त्यामुळे साहेबाच्या बंगल्याचा राखणदार म्हणून आला. तो मेंढक्या आहे हे कोणी सांगितले नाही.

आता हे मेंढक्याचे काम कसले ते पाहू. आपल्या धनगराचा कुत्रा बहुतांशी राखणीचा. रात्री मेंढरे शेतात बसवली म्हणजे लांडग्याला अंगावर घ्यायचे हे त्याचे काम. जर्मनीतले काम निराळे होते. तिथे अनेक भागांत शेतांना कुंपण नसे. कळप चरायचा तो रस्त्याच्या कडेला, कापणी झालेल्या रानात, नाहीतर दोन उभ्या पिकांमधल्या चिंचोळ्या पट्टीत. मेंढीने शेजाऱ्याच्या पिकात तोंड घातले की तंटा. म्हणून पीक आणि कळप यांच्या मधल्या तासावरून कुत्रा दिवसभर दुडक्या चालीने खालीवर फिरत राही. तो चालते कुंपणच होता म्हणा ना! एखादी मेंढी रेषा ओलांडू लागली तर तिला मागे लोटायचे, दातात धरायची वेळ आलीच तर इजा होऊ द्यायची नाही, आणि धन्याची हाक येण्याची वाट न पाहता हे सारे आपल्या अकलेने करायचे. पिढ्यान् पिढ्या या कामाला जो उतरला त्याचीच पिल्ले लोकांनी ठेवली. त्याचे लांब अंग, न दमणारी चाल, सदा उभे कान, हे सारे त्या तासावर घडले.

येथे वाचताना मी पुस्तक मिटले. गॅलरीतल्या येरझाऱ्यांचा अर्थ मला लागला होता. तो कुत्रा आपला तास शोधत होता. फक्त एका बाजूला पीक नव्हते आणि दुसऱ्या बाजूला मेंढ्या नव्हत्या.

पण हे काम गेले कसे? इथे अर्थशास्त्र येते. १८७३ साली जर्मन साम्राज्यात सुमारे अडीच कोटी मेंढ्या होत्या. १९१३ साली त्या साठ लाखांहूनही कमी उरल्या. चाळीस वर्षांत चारांतल्या तीन मेंढ्या नाहीशा झाल्या! ऑस्ट्रेलियासारख्या दूरदेशीची स्वस्त लोकर आगबोटींतून युरोपच्या बाजारात येऊन पडली. इकडे पडीक आणि सामाईक राने नांगराखाली गेली, साखरेच्या बिटासारखी दाट पिके आली, चराईला जागा राहिली नाही. मेंढपाळाचा धंदा बसला, आणि त्याच्याबरोबर कुत्र्याचाही. दोघांचा अपराध काहीच नव्हता. असे अन्यत्र काही घडल्याचे आपल्याला आठवत असेल, तर त्याकडे मी पुढे येणारच आहे.

अशा वेळी १८९९ च्या एप्रिलात कार्ल्सरूहे येथे एक प्रदर्शन भरले होते. माक्स फॉन श्टेफानित्स नावाचा घोडदळातला कॅप्टन तिथे आला होता. एक मेंढपाळी कुत्रा त्याने पाहिला आणि विकत घेतला. त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच महिन्यात या कुत्र्यांचा संघ स्थापन केला. संघाच्या नोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचा आहे. श्टेफानित्स जमीनदार वर्गातला सरदार मनुष्य. त्याचे माझे कोणत्याही सभेत जमले नसते. तरीही त्याच्या एका गोष्टीला मी मान देतो. कुत्रा दिसतो कसा यापेक्षा तो काम काय करतो हे आधी पाहिले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. मेंढ्या संपत चालल्या आहेत हे त्याने ओळखले, आणि हळहळत न बसता कुत्र्यासाठी दुसरे काम शोधले. पोलीस आणि लष्कर यांच्या मागे लागून त्याने या कुत्र्याला माग काढणे, पहारा देणे, निरोप पोचवणे या कामांवर लावले. धंदा बुडत असताना कामगाराला दुसरे कसब शिकवणे हे शहाण्या संघटनेचे कर्तव्य होय, आणि ते या कॅप्टनाने कुत्र्यांच्या बाबतीत केले.

मात्र नवे काम नेहमी भलेच असते असे नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हे कुत्रे निरोप नेण्यासाठी आणि जखमी शोधण्यासाठी तोफांच्या माऱ्यात गेले. पुढे हिटलरच्या राजवटीत छळछावण्यांच्या तारांभोवती हीच जात फिरवली गेली. काम करणारा आपले काम कशासाठी वापरले जाते हे ठरवू शकत नाही तेव्हा काय होते, याचा तो दाखला आहे. दोष त्या कुत्र्याचा नव्हे, साखळी धरणाऱ्याचा.

त्याच पहिल्या युद्धाच्या शेवटी, १९१८ च्या सप्टेंबरात, फ्रान्सच्या रणभूमीवर ली डंकन या अमेरिकन शिपायाला या जातीची काही पिल्ले सापडली. त्यांतल्या एकाला त्याने अमेरिकेला नेले, आणि रिन टिन टिन या नावाने ते पिल्लू चित्रपटांचे नायक झाले. १९३२ साली तो कुत्रा वारला तोवर घरोघरी मुलांना तसाच कुत्रा हवा होता. मागणी आली की बाजार आला, आणि बाजार आला की माल तयार करण्याची घाई आली. स्वभाव न पाहता, कामाची परीक्षा न घेता पिल्ले विकली जाऊ लागली. त्यांतली कित्येक भित्री, कित्येक चिडकी निघाली. खुद्द जर्मनीतही प्रदर्शनांचे वेड वाढून कुत्रे उंच आणि बोजड होऊ लागले होते. म्हणून १९२५ साली श्टेफानित्सने मुद्दाम बुटक्या, लांब अंगाच्या क्लोडो नावाच्या कुत्र्याला विजेता ठरवले. पुढे प्रदर्शनवाल्यांनी दुसरे टोक गाठले आणि पाठीला मागे असा उतार दिला की काहींना नीट धावणेही जड जावे. जे अंग तासावर घडले होते ते आता फीत आणि चषकासाठी घडू लागले.

आणि नियतीची थट्टा पाहा. १९२९ साली ऑस्ट्रेलियाने हे कुत्रे आणण्यावर बंदी घातली. कारण काय? तर हा कुत्रा तिथल्या डिंगो या रानकुत्र्यात मिसळून मेंढ्या मारील! ज्या देशाच्या लोकरीने त्याचे काम हिरावण्यात हातभार लावला, त्याच देशाने त्याला मेंढ्यांचा शत्रू ठरवले. ही बंदी उठायला विसाव्या शतकाचे आठवे दशक उजाडले. काम नसलेल्याकडे समाज नेहमी संशयानेच पाहतो.

परंतु याच इतिहासात एक फार सुंदर पान आहे. युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे कुत्र्यांना वाटाड्याचे काम शिकवणारी शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये पोलिसांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ साली अशा प्रकारच्या शाळेवर लेख लिहिला. तो अमेरिकेतल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला. तो १९२८ साली स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या गर्दीचा रस्ता ती त्याला घेऊन ओलांडली. दुसऱ्याच वर्षी, १९२९ साली, त्या देशात अशा कुत्र्यांची संस्था उभी राहिली. पाहा, हा कुत्रा घरातच राहतो, धन्याच्या खाटेशेजारी झोपतो, मुलांच्या हातचे खातो. आणि तरी तो बेकार नाही. घर आणि काम यांत मुळात वैर नाही, हे या कुत्र्याने दाखवून दिले.

आता मी पुढे येईन म्हटले होते त्या गोष्टीकडे येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. संप फसल्यावर माझ्या वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही. आमच्या घरी उपासमार झाली नाही. आईची खाणावळ होती, दोन वेळची भाकरी होती. पण वडील पहाटे पाचला उठत, दाढी करत, धुतलेला सदरा घालत आणि पहिल्या पाळीच्या वेळेला चाळीच्या गॅलरीत येरझारा घालू लागत. आईने एकदा विचारले, "अहो, तुम्हाला कमी काय आहे?" त्यांनी उत्तर दिले नाही. माणसाची आणि कुत्र्याची मी बरोबरी करीत नाही. माणूस अपमान जाणतो, कुत्र्याला बहुधा तो कळत नसेल. पण सवयीला जडलेले अंग आणि कोणीतरी आपली वाट पाहते आहे ही भावना, या दोन गोष्टी दोघांनाही लागतात. आणि त्या भाकरीने भरून निघत नाहीत.

मग त्या सभासदाच्या घरी मी तडजोड केली. मालकाशी करतो तशीच, कलमवार. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर त्याला बाहेर न्यायचे. नुसते फिरवायचे नव्हे, चांगले चालवायचे. संध्याकाळी मुलांनी घरातल्या वस्तू लपवायच्या आणि त्याने वासाने शोधून आणायच्या. दूध आणि वर्तमानपत्र यांची पिशवी खालून वर आणायची ती त्यानेच. घर रिकामे ठेवून सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचे नाही. शेजाऱ्यांनी तीन महिने थांबायचे. तीन महिन्यांनी नोटीस मागे घेतली गेली. सर्व सुरळीत झाले असे मात्र मी म्हणणार नाही; आजही दुपारी कधी तो गॅलरीत येरझारा घालतो. तेव्हा आजी त्याला हाक मारते आणि आपला चष्मा शोधायला लावते. पुष्कळदा चष्मा तिच्या पदराखालीच असतो.

बंधुभगिनींनो, कुत्रा पाळू नका असे सांगायला मी आलो नाही. पण ज्या जातीला पिढ्यान् पिढ्या कामाने घडवले ती दिवाणखान्याच्या शोभेसाठी आणायची असेल, तर पिल्लाची किंमत विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : याला देण्यासारखे काम माझ्या घरी आहे काय, आणि ते रोज देण्याइतका वेळ मला आहे काय? उत्तर नाही असेल, तर आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा आहे. तो आपल्या हवेत वाढलेला आहे. जिव्हाळा लावील आणि मागणे थोडे करील. उत्तर हो असेल, तर खुशाल आणा. मात्र एवढे ध्यानात ठेवा, की आपण एक खेळणे घरात आणत नाही, एका कामकऱ्याला ठेवून घेत आहोत. त्याची संघटना नाही, त्याला मागणीपत्रक लिहिता येत नाही. त्याचे गाऱ्हाणे त्या येरझाऱ्यांत लिहिलेले असते, आणि ते वाचणे आपल्याकडे आहे.