परभणी जिल्हा : सैनिकांची मुले आणि त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था

सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाची व संगोपनाची जबाबदारी परभणीच्या परिसरात प्रथम पलटणीच्या वस्तीने, पुढे जिल्हा प्रशासनाने आणि अलीकडच्या काळात शिष्यवृत्ती व अनुदानाच्या योजनांनी उचलली. या वाटचालीची सुरुवात हिंगोलीपासून होते. 1 मे 1999 रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे तेथे ठाणे होते. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा ही हिंगोलीतील वस्त्यांची नावे त्याच काळातील आहेत. फौजेची कुटुंबे एकाच ठिकाणी राहत असल्यामुळे बाप मोहिमेवर गेला तरी मूल ओळखीच्या माणसांत वाढत असे.

वऱ्हाडाविषयी 1902 मध्ये झालेल्या करारानंतर 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे वैभव ओसरले. पुढच्या काळात या भागातून जे तरुण सैन्यात गेले, त्यांची घरे गावोगाव विखुरलेली राहिली. छावणीतला आपोआप मिळणारा आधार आता उरला नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. सैनिकांच्या मुलांसाठी जालंधर, झेलम व अजमेर येथे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बेळगाव येथे लष्करी शाळा निघाल्या. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राज्याच्या व्यवस्थेत सैनिक कुटुंबांची कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असतात. परभणीतही असे कार्यालय आहे. 7 डिसेंबर 1949 पासून पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली गोळा होतो आणि तो माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांच्या पाल्यांच्या मदतीसाठी वापरला जातो.

शाळांची सोय याच काळात वाढली. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी 1963 मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. तिच्यात सुरुवातीला घेतलेल्या 20 शाळा पलटणींच्या शाळाच होत्या. राज्य बदलले तरी अभ्यासक्रम तोच राहिल्यामुळे वडिलांबरोबर फिरणाऱ्या मुलांचे वर्ष वाया जाणे टळले. 23 जून 1961 रोजी सातारा येथे देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. सैनिक शाळांत संरक्षण दलांतील व माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी काही जागा राखीव असतात.

जी मुले गावीच राहतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. वडील सीमेवर, जेथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी असतात. वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा एवढाच त्यांचा सहवास. शाळेच्या पालकसभेला आई नाहीतर आजोबा जातात. शिपाई पदावरील जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान निवृत्त होतो. मुले माध्यमिक शाळेत पोचतात, शिकवणी, वसतिगृह आणि महाविद्यालयाचा खर्च समोर उभा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी घराची मिळकत पगारावरून निवृत्तिवेतनावर येते. जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील गावातून मुलाला परभणीत किंवा नांदेडला ठेवायचे, तर हा भार चांगलाच जाणवतो. सैनिकांच्या मुला-मुलींसाठीची वसतिगृहे म्हणूनच महत्त्वाची आहेत.

1971 च्या युद्धानंतर, 1972 मध्ये, धारातीर्थी पडलेल्या, बेपत्ता झालेल्या व अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांना केंद्राने शिक्षणशुल्काची पूर्ण सवलत दिली. 2017 मध्ये तिच्यावर दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा घातली गेली. तीव्र नाराजी व्यक्त झाल्यावर मार्च 2018 मध्ये ती उठवण्यात आली. 2006-07 पासून व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. 2019 मध्ये तिची रक्कम मुलांसाठी दरमहा 2,500 आणि मुलींसाठी 3,000 रुपये झाली. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन पाल्यांना पहिलीपासून पदवीपर्यंत मिळणारे अनुदान 2025 मध्ये दरमहा 1,000 वरून 2,000 रुपये करण्यात आले. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशातही संरक्षण दलांसाठी 5 टक्के जागा असतात.

हा लाभ मिळतो तो कागदपत्रे जुळल्यावर. मुलाचे नाव व जन्मतारीख वडिलांच्या लष्करी अभिलेखात नोंदलेली असावी लागते. डिस्चार्ज बुक, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि बँकेचे पासबुक यांतील नावे एकसारखी हवीत. शाळेच्या रजिस्टरात ‘ज्ञानेश्वर’ आणि अभिलेखात ‘ज्ञानोबा’ असेल, तर दुरुस्तीसाठी दूरच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि अर्जाची मुदत निघून जाते. सर्वांत मोठी अडचण होते ती एकट्याने घर सांभाळणाऱ्या वीरपत्नीची. छावणी नसलेल्या जिल्ह्यात पलटणीची जागा शाळा, ग्रामपंचायत आणि सैनिक कल्याण कार्यालय यांनीच घ्यायची असते. मूल पहिलीत दाखल होतानाच शाळेने ते सैनिकाचे अपत्य असल्याची नोंद घेतली, वडिलांच्या सेवाकाळातच नाव दुरुस्त करून घेतले आणि अर्जाची तारीख घरापर्यंत पोचवली, तर मंजूर असलेला हक्क मुलाच्या हाती वेळेवर पडतो.