गाण्यांची चढाओढ

पुण्याहून सोलापूरला जाताना टेंभुर्णी मागे पडली की थोड्याच वेळात मोडनिंब लागते. माढा तालुक्यातले हे गाव. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही इथूनच जाते. आज तिथे रुंद रूळ आहेत, पण ज्या काळाची गोष्ट मी सांगणार आहे त्या काळी अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइटची छोटी गाडी दमादमाने धावत असे. मोडनिंबचे नाव महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे ते तिथल्या कलाकेंद्रांमुळे. संगीत बारीच्या पार्ट्या तिथे मुक्कामाला असतात, ढोलकी-पेटी वाजते, लावणी होते. कोणी नाक मुरडून ते नाव घेतो, कोणी आवडीने. पण घेतो खरा.

आता तुम्ही म्हणाल, आज बोलायचे आहे ते दूरचित्रवाणीवरल्या गाण्यांच्या कार्यक्रमाबद्दल, मग हे मोडनिंब मध्येच कुठून आले? त्याचे कारण पुढे कळेल.

१९९३ च्या सुमाराची आठवण करा. तुमच्यापैकी जे शिक्षक आज निवृत्तीला आले आहेत ते तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले असतील, आणि जे आज घर चालवतात ते बाकावर बसून पाढे म्हणत असतील. त्या सुमारास दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'सुपरहिट मुकाबला' नावाचा कार्यक्रम लागू लागला. हिंदी चित्रपटांतली चालू गाणी त्यात क्रमांकाने दाखवीत. खालून सुरुवात व्हायची, एकेक गाणे वर चढत जायचे आणि शेवटी पहिला क्रमांक. ते येईपर्यंत जागचे कोणी हलायचे नाही. कार्यक्रम सांगायला बाबा सेहगल नावाचा तरुण गायक होता. १९९२ साली त्याच्या 'ठंडा ठंडा पानी' या ध्वनिफितीने शहरी पोरांना वेड लावले होते. तो गाणे गात नसे, तालावर भराभर बोलत असे. शहाण्यासुरत्या माणसांनी कपाळाला हात लावला. पण ज्यांनी शाहिराला पोवाड्याच्या मध्ये डफावर सडसडीत बोलताना ऐकले आहे, त्यांना यात फार नवल वाटण्याचे कारण नव्हते.

'मुकाबला' हा शब्दही आपल्याला परका नाही. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसत, रात्रभर सवाल-जवाब चालत आणि कोण वरचढ हे सकाळी गाव ठरवी. ज्या सोलापूरने राम जोश्यांसारखा कवी दिला, त्या जिल्ह्याला गाण्याची चढाओढ शिकवायला दिल्ली-मुंबईची गरज नव्हती. फरक एवढाच की, त्या फडात निकाल देणारे लोक डोळ्यांसमोर बसलेले असत. मेट्रोवरच्या मुकाबल्यात हा निकाल कोण देत होते?

या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल.

गाण्यांना क्रमांक लावण्याची ही रीत जगात तशी जुनी नाही. इंग्लंडमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी खपाची पहिली यादी छापली. पद्धत अगदी साधी होती. कचेरीतून वीसेक दुकानांना दूरध्वनी करायचा, कोणती तबकडी किती खपली ते विचारायचे आणि बेरीज मांडायची. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे मात्र नाही, कारण गीतमाला सुरुवातीला क्रमवारीची नव्हतीच. सात गाणी उलटसुलट वाजवीत आणि श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावून पाठवायची. बक्षीस १०० रुपये. अमीन सयानी पुढे सांगत असत की, पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. मग ती इतकी वाढली की पत्रे मोजता मोजता माणसे थकली, आणि १९५४ च्या अखेरीस त्या कार्यक्रमाची लोकप्रियतेची क्रमवारी झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता 'बहनों और भाइयों' अशी हाक यायची आणि गाणी 'पायदान' चढू लागायची. बहिणी आधी, भाऊ मागून, हे लक्षात घ्या. त्या काळच्या सभेत असा क्रम सहसा ऐकू येत नसे.

इथे एक गोष्ट आमच्या आकाशवाणीबद्दल सांगितली पाहिजे, ती लपवण्यात अर्थ नाही. लोक सिलोनकडे वळले ते उगीच नव्हे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. हे आपले पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा मोठी आणि सिनेसंगीताबद्दल मत फार वाईट. चित्रपटगीतांवर मर्यादा आली, निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ दिसेनाशी झाली. लोकांनी काय केले? लघुलहरींचा काटा फिरवला आणि लंका गाठली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांमुळे कितीतरी थोर गवयी घराघरांत पोचले, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण श्रोत्याला काय आवडावे हे वरून ठरवता येत नाही, हा धडाही त्याच काळात मिळाला.

असो. गीतमालेचे क्रमांक कसे ठरत? देशभरच्या काही निवडक दुकानांतून तबकड्यांच्या खपाचे आकडे येत. पुढे शंका आली की, कोणी आपल्याच गाण्याच्या तबकड्या आपणच विकत घेऊन क्रमांक फुगवील. म्हणून ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतेही धरू लागले. म्हणजे पाहा, मोजणीत घोटाळा होऊ शकतो हे मोजणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी काही उपाय तरी केला. पण तबकडी घ्यायची म्हणजे ग्रामोफोन पाहिजे, आणि पत्र लिहायचे तर लिहिता आले पाहिजे. माढा तालुक्यातल्या किती घरांत त्या काळी ग्रामोफोन असेल? ज्या बाईने रेडिओवर गाणे ऐकले, दळताना गुणगुणले, ते गाणे तिचे झाले. पण त्या यादीत ती कुठेच नव्हती.

मग आल्या कॅसेटी. १९८० नंतरच्या दशकात त्या इतक्या स्वस्त झाल्या की तबकडीची सद्दी संपली. एस. टी. स्टँडाजवळ, बाजारपेठेत कॅसेटची टपरी दिसू लागली. तिथला मुलगा कोरी कॅसेट घेऊन तुम्ही सांगाल ती गाणी भरून द्यायचा. कागदावर यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी यायचे. खरे विचाराल तर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातली लोकप्रियतेची सर्वांत प्रामाणिक यादी त्या चिठ्ठ्यांवर होती. वहीच्या फाटक्या पानांवर, पेन्सिलीने लिहिलेली. ती कोणी जपली नाही. कायद्याने पाहिले तर हा व्यवहार चोरीचा होता, म्हणून कोणत्याही कंपनीच्या हिशेबात तो येणेही शक्य नव्हते.

शिवाय त्याच टपरीवर काय वाजत असे ते आठवा. पंढरपूरच्या वाटेवर प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी वाजत, आणि एप्रिल महिना आला की त्याच आवाजात भीमगीते. वारकरी ऐके, जयंतीच्या मिरवणुकीतला मुलगाही ऐके. हिंदी गाण्यांच्या कोणत्याही चढाओढीत हा आवाज उतरला नाही, कारण त्या चढाओढीचे प्रवेशपत्रच मुंबईच्या चित्रपटाला होते. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. पण मोजायला बसणारा आधी एक कुंपण घालतो, मग कुंपणाच्या आतले मोजतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळेच मोजले.

१९९१ पासून तर चित्रच पालटले. आखाती युद्धाच्या बातम्या परदेशी वाहिनीने थेट दाखवल्या, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. दूरदर्शनला स्पर्धेची धग लागली. चार महानगरांतली आपली दुसरी वाहिनी तिने १९९३ च्या आरंभी उपग्रहाने जोडली आणि तिला करमणुकीचे रूप दिले. हीच ती मेट्रो. आता यातली गंमत ऐका. साध्या अँटेनावर मेट्रो दिसे ती महानगरांत. मोडनिंबसारख्या गावी ती पाहायची तर छत्री हवी, म्हणजे आकाशाकडे तोंड केलेली ती मोठी थाळी. ज्याने ती बसवली तो घरोघर तार ओढून महिन्याला पैसे घेणार. ज्यांच्याकडे तार नव्हती त्यांची पोरे तार असलेल्या घराच्या उंबऱ्यावर. आणि पहिला क्रमांक यायच्या वेळेला लाइट गेली तर त्या गावात काय हळहळ झाली असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

त्याच्या मागोमाग झीवर 'फिलिप्स टॉप टेन' आले. सतीश कौशिक आणि पंकज कपूर यांनी त्याला नाट्याची जोड दिली. त्यात गाण्यापेक्षा मधल्या बोलण्यालाच लोक हसत. कार्यक्रमाच्या नावातच रेडिओ-टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचे नाव होते, जसे गीतमालेच्या नावात दंतमंजनाचे. खर्च करणारा आपले नाव लावणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गीतमालेत आणि या नव्या कार्यक्रमांत एक अंतर पडले होते. आता गाणे ऐकायचे नव्हते, पाहायचे होते. चित्रपट लागण्याच्या आधीच त्यातली गाणी पडद्यावर झळकत, कारण निर्मात्याला आणि कॅसेट कंपनीला ती जाहिरातच होती. लोकांना आवडले म्हणून गाणे पुन्हा दाखवले, की पुन्हा पुन्हा दाखवले म्हणून आवडले, याचा उलगडा करणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. आणि मोजणी कशी झाली हे पडद्यावर क्वचितच कोणी सांगे. पहिला क्रमांक जाहीर होई, दिवे लुकलुकत, टाळ्या वाजत. आपण मान डोलवायची.

आता या मोडनिंबला. कलाकेंद्रात गाणे कसे ठरते? बैठकीत बसलेला माणूस फर्माइश करतो. दौलतजादा होते, म्हणजे पैसे पुढे येतात, आणि ते गाणे होते. १९९० नंतर बैठकीतल्या फर्माइशी बदलत गेल्याचे तिथल्या कलावंत बायकांनी वारंवार सांगितले आहे. जुनी बैठकीची लावणी, जिच्यात एकेका ओळीवर अदाकारी करता करता घटका जावी, ती मागणारे कमी झाले. छत्रीवर काल पाहिलेले गाणे आज मागू लागले. ज्या बाईने आईकडून, मावशीकडून वर्षानुवर्षे लावणी घोटून घेतली, तिने मग टीव्हीसमोर बसून हिंदी गाणी उचलायची, तिच्या पेटीवाल्याने कॅसेट लावून सूर शोधायचे. पोट आहे ना! मुकाबल्याचा सर्वांत खरा निकाल मला इथे दिसतो. मुंबईत कोणीतरी कागदावर मांडलेला क्रमांक माढा तालुक्यातल्या एका खोलीत येऊन कोणाची तरी पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या बाजूला सारीत होता.

पण मी एकतर्फी बोलू नये. फर्माइशीची मोजणी तरी कुठे न्यायाची? जाड खिशाच्या माणसाची मते अधिक, फाटक्या खिशाच्या माणसाला दाराशी उभे राहून ऐकायचे. आणि गाणारणीला स्वतःला काय गावेसे वाटते हे विचारणारा हजारात एखादा. इतकेच की, तिथे पैसा कोणी टाकला आणि कोणत्या गाण्यावर टाकला, हे सगळ्यांना दिसे.

जाता जाता आणखी एका मोजणीबद्दल. ज्या वर्षांत हे मुकाबले चालू होते, त्याच वर्षांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ हे दोघे आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या लिहून घेत होते. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या, बाईचे नाव, गाव यांसह. पहिली कोणती, दुसरी कोणती, हा प्रश्नच त्यांनी विचारला नाही. शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावात जाते बंद पडले असले तरी ओव्या येणारी एखादी आजी अजून असेल. मुलांना वही घेऊन तिच्याकडे पाठवा. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर घरच्या मोठ्या माणसांना विचारून, १९९३ साली त्यांच्या ओठांवर कोणती पाच गाणी होती तेही लिहून आणायला सांगा.

गीतमाला १९८९ साली सिलोनवरून आमच्या विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. म्हणजे जिला एकदा देशाबाहेरून ऐकावे लागत होते ती अखेरीस घरी आली, तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. मेट्रो वाहिनीच्या जागी नोव्हेंबर २००३ मध्ये डीडी न्यूज आली. कॅसेटच्या टपऱ्यांवर आधी सीडी आल्या, मग मोबाइलमध्ये गाणी भरून मिळू लागली. आता फोनवर गाणे लावले की ते लावल्याची नोंद कुठेतरी दूरच्या यंत्रात आपोआप होते. माढ्याच्या रानात द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या बाईने कानाला फोन लावून ऐकलेले गाणेही तिथे एक म्हणून धरले जाते. तिच्या आजीचे धरले गेले नव्हते.