छावणीतील गरमी आणि लॉक हॉस्पिटल

भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ज्याला ‘फिरंगरोग’ म्हटले, तो सिफिलिस मराठी बोलीत ‘गरमी’ या नावाने, तर गनोरिया ‘परमा’ या नावाने ओळखला जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगांनी हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणी पोखरून काढल्या, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी सरकारने धरलेल्या वाटेत रोग पुरुषाला आणि पहारा मात्र बाईवर, असा उफराटा न्याय होता.

पुणे, खडकी, अहमदनगर, कामठी अशा छावण्यांत राहणाऱ्या गोऱ्या शिपायांपैकी मोजक्यांनाच लग्नाची परवानगी मिळे. त्यात १८७० पासून अल्प मुदतीची भरती सुरू झाल्यावर कोवळ्या वयाच्या, अविवाहित शिपायांचे प्रमाण वाढत गेले. १८६४ च्या छावणी कायद्यान्वये पलटणीच्या बाजारातील वेश्यांची नोंदणी होऊ लागली. नोंदलेल्या बाईला तिकीट मिळे, त्यावर तपासणीच्या तारखा चढवल्या जात, आणि रोग आढळल्यास तिची रवानगी लॉक हॉस्पिटलात, म्हणजे केवळ गुप्तरोगांसाठी राखलेल्या इस्पितळात होई. या नावाचा उगम लंडनमधील एका जुन्या कुष्ठालयाच्या नावात सांगितला जातो. परंतु डॉक्टरने सोडल्याशिवाय बाहेर पडता न येणाऱ्या बाईसाठी तो बंदिवासच होता. शिपायांचीही अशीच सक्तीची तपासणी का नको, या प्रश्नावर १८७१ च्या ब्रिटिश रॉयल कमिशनने पुरुष आणि वेश्या यांची तुलनाच होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला.

वैद्यकीय दृष्ट्याही ही व्यवस्था पोकळ होती. सिफिलिसचा जंतू १९०५ मध्ये सापडला आणि रक्ततपासणी त्यानंतर आली; तोवर डॉक्टरचा सारा भरवसा डोळ्यांना दिसणाऱ्या व्रणावर असे, आणि व्रण भरून आला तरी रोग शरीरात दबा धरून राही. उपचार पाऱ्याचा. त्याने हिरड्या सुजत, दात हलू लागत, तोंडातून सतत लाळ गळे, आणि एवढे सोसूनही रोग पुन्हा उलटण्याची धास्ती राहीच.

मुंबई शहरात १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा १८७० मध्ये लागू झाला, तेव्हा अनेक बायकांनी नोंदणी चुकवली आणि खर्च कोणी सोसायचा यावर सरकार व नगरपालिका यांच्यात वाद पेटला. १८७२ मध्ये अंमल थांबला, पुढे तो पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये कायदाच रद्द झाला. त्यामागे जोसेफिन बटलर यांनी अशा कायद्यांविरुद्ध इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे चालवलेल्या चळवळीचा मोठा वाटा होता. १८९५ च्या सुमारास गोऱ्या सैन्यात या रोगांसाठी दर हजारी पाचशेहून अधिक दाखले होऊ लागले, तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांनी त्याचे खापर कायदा उठवण्यावर फोडले. हा आकडा माणसांचा नसून इस्पितळात दाखल होण्याच्या वेळांचा आहे, त्यामुळे एकच शिपाई त्यात अनेकदा मोजला गेला असणार. शिवाय लॉक हॉस्पिटले चालू असतानाच, १८८० नंतर, हा दर चढू लागला होता, हे त्या युक्तिवादात सोयीस्करपणे वगळले गेले. १८९७ च्या नियमांनी छावण्यांत नियंत्रण काही अंशी परत आणले. पुढच्या दशकाअखेर दर शंभराच्या आत आला. पण त्याचे श्रेय केवळ या नियमांना देता येत नाही, कारण त्याच काळात खेळ, करमणूक आणि शिपायांचे प्रबोधन यांवरही भर दिला गेला. साल्वर्सान हे नवे औषध तर १९१० मध्ये बाजारात आले, म्हणजे ही घसरण त्याच्या आधीची आहे.

धोरणाला खरे वळण इंग्लंडमध्ये मिळाले आणि त्याचा एक धागा मुंबईशी जुळतो. १९०७ ते १९१३ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉर्ज क्लार्क, म्हणजेच लॉर्ड सिडनहॅम, गुप्तरोगांवरील रॉयल कमिशनचे अध्यक्ष झाले. १९१६ च्या अहवालात त्यांनी मोफत, ऐच्छिक आणि गुप्तता राखणाऱ्या उपचारांची शिफारस केली, आणि रोगी हा गुन्हेगार नसून उपचाराचा हक्कदार आहे, हे तत्त्व प्रथमच सरकारी खर्चाच्या हिशेबात उतरले. महाराष्ट्रात मात्र या विषयावर उघड बोलण्याचीच किंमत मोजावी लागत होती. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांच्यावर वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला.