कनवटीचा आणा, गोदीतली नळी

पुण्याजवळच्या मुळशीतल्या सूसपासून अरबी समुद्र सरळ रेषेत नव्वदएक किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. तरी खाऱ्या पाण्याला दाद न देणारा धातू मुळशीकरांच्या हाती आला, तो युद्धनौकांत त्याचा बोलबाला होण्याआधीच. आला तोही कनवटीला लावून!

लाकडी जहाजाचे वैरी दोन: लाकूड पोखरणारा किडा आणि तळाला चिकटणारी कालवं. जुना उपाय चुना-तेलाच्या लेपाचा. 1761 मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला आणि पुढे तीच रीत पडली. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानी युद्धनौका बांधत होती, तो हाच काळ. त्यांची 1817 ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. तांबे पाण्यात कणाकणाने विरघळते आणि ते चिकटू पाहणाऱ्या जिवांना सोसत नाही. पण विरघळते म्हणजे झिजतेच. 1824 च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने पत्र्याला लोखंड जोडून झीज थांबवली, तर कालवं पुन्हा हजर. शास्त्रज्ञ जिंकला, खलाशी वैतागले.

गोदीपासून जवळच मुंबईची टांकसाळ. तिथून 1907 मध्ये आण्याचे नवे नाणे बाहेर पडले. तीन भाग तांबे, एक भाग निकेल. तांबे एवढे असूनही रंग पांढरा. काठ नागमोडी, त्यामुळे चांदीच्या पावलीशी गल्लत होत नसे. महायुद्धात चांदी महागली आणि 1918 मध्ये दोन आणेही याच धातूचे, चौकोनी निघाले.

त्याच युद्धात ब्रिटिश युद्धनौकांचे कंडेन्सर गळत होते. वाफेचे पाणी करणाऱ्या पितळी नळ्यांना भोके पडत आणि खारे पाणी बॉयलरमध्ये शिरे. नाविकांनी या दुखण्याचे नाव ‘कंडेन्सरायटिस’ ठेवले. उतारा सापडला आण्याच्याच जातीच्या मिश्रणात, 70 टक्के तांबे आणि 30 टक्के निकेलच्या नळीत. पुढे 90-10 चे स्वस्त मिश्रण आले. त्यात दीडेक टक्का लोखंड घातले, की पाण्याच्या माऱ्यातही पृष्ठभागावरचा संरक्षक थर टिकतो.

नळीला एवढे पुरते. पंपाचा दांडा, झडपा, बोल्ट यांना जास्त ताकद लागते. म्हणून या मिश्रणात ॲल्युमिनियम घालून ते भट्टीत ठरावीक तापमानाला मुरवतात. आत निकेल-ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ताणाखाली धातूचे थर सहजी सरकत नाहीत.

1953 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीतच नौदलाची रसायन आणि धातुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. आज ती अंबरनाथला आहे, नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करते.

पुण्यात मात्र तांब्याचा इतिहास म्हटले, की कसब्यातली तांबट आळी, तिचे मठारकाम, आणि विषय संपला. मठारकामाचे कौतुक रास्तच आहे. पण टांकसाळीतल्या भट्ट्यांवर आणि जहाजांच्या इंजिनखोलीत राबलेल्यांचीही हीच परंपरा आहे. त्यांच्यापैकी कुणी घरात असेल, तर त्यांच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात.