मोरीचे पाणी आणि माणसाची बोटे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पावसावर सट्टा चाले. ठरावीक वेळेच्या आत छपराच्या मोरीतून पाणी वाहील की नाही, एवढाच प्रश्न. आणि त्यावर पैसे लागत. ही तऱ्हा कलकत्त्याच्या बडाबाजारात जोरात होती, म्हणून मुंबईतही तिला ‘कलकत्ता मोरी’ असेच म्हणत. 1889 साली प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले, तेव्हा हा प्रकार त्या वेळच्या जुगारबंदी कायद्यात बसत नाही असा निकाल झाला. मग 1890 साली सरकारला कायदाच दुरुस्त करावा लागला.

पैज म्हणून पाहिले तर मोरीत एक मोठा गुण होता. पाणी कोणाचे मिंधे नव्हते. वारा ओळखणारा, आभाळ वाचणारा माणूस चार पैसे अधिक मिळवी हे खरे; पण ढगाला बाजूला घेऊन ‘आजच्या दिवस आवरते घे’ असे सांगणारा दलाल काही कोणाला सापडला नव्हता. (मोरीत बोळा कोंबणारा एखादा निघाला असेलही, तो भाग वेगळा.)

ही जुनी मोरी आज आठवली ती भाकितांच्या बाजारामुळे. या बाजाराची रीत सोपी आहे. एखादी गोष्ट घडली तर एक डॉलर देणारी चिठ्ठी विकायला ठेवायची. घडली नाही तर तिची किंमत शून्य. ती चिठ्ठी बासष्ट सेंटला खपू लागली, की ते घडण्याचा संभव शेकडा बासष्ट आहे असे बाजाराचे मत झाले. शेवटापर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. चाळीसला घ्यावी, साठला फुंकावी आणि मोकळे व्हावे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1988 साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर असा बाजार अभ्यासासाठी उघडला. 2020 साली न्यूयॉर्कमध्ये पॉलीमार्केट निघाले. 2022 च्या जानेवारीत तेथील सरकारी नियामकाने त्याला चौदा लाख डॉलर दंड केला, तरी ते वाढतच गेले. आता तेथे निवडणुकांच्या शेजारी ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘लीग ऑफ लेजंड्स’ या संगणकावरच्या खेळांच्या लढतींच्याही चिठ्ठ्या विकल्या जातात. लढत चालू असतानाच भाव वरखाली होतो. प्रक्षेपण घरी पोहोचते ते काही काळ मागे असते. त्यामुळे जो प्रत्यक्ष सभागृहात बसला आहे, त्याला भाव हलण्याआधीच निकाल दिसतो. भारतात 2025 च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर मात्र बंदी घातली.

या बाजाराचे समर्थक हायेक या अर्थशास्त्रज्ञाच्या 1945 सालच्या एका निबंधाचा आधार घेतात. अर्थशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. पण त्याचे म्हणणे शाळामास्तरालाही कळण्यासारखे आहे. ज्ञान एका डोक्यात नसते, ते हजारांत विखुरलेले असते, आणि भाव ते गोळा करतो. गहू कोठे कमी पिकला हे ग्राहकाला ठाऊक नसले तरी महागाई त्याला ते सांगते. गव्हाच्या बाबतीत हे मला पटते. आतल्या माणसानेही खुशाल सौदा करावा, म्हणजे भाव अधिक खरा होतो, असे म्हणणारेही काही पंडित आहेत. पण खेळाच्या बाबतीत सर्वांत आतला माणूस कोण? खुद्द खेळाडू. तो निकाल जाणतो असे नव्हे. तो निकाल घडवतो.

या प्रश्नाचे उत्तर दक्षिण कोरियाने फार आधी आणि फार महागात मिळवले. 1997 च्या आर्थिक कोसळीनंतर त्या देशात ‘पीसी बांग’ नावाच्या संगणकशाळा गल्लोगल्ली निघाल्या. तासाला थोडे पैसे दिले की कोणीही खेळावे. 1998 साली आलेला ‘स्टारक्राफ्ट’ हा अमेरिकन खेळ तेथे असा रुजला, की त्याला वाहिलेल्या दूरदर्शन-वाहिन्या निघाल्या, संघ निघाले, संघांना मोठ्या कंपन्यांचा आश्रय मिळाला. 2004 साली बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर अंतिम लढत झाली, तेव्हा लाखभर लोक जमल्याचे सांगितले जाते. संघातली मुले एकाच घरात राहत आणि रोज दहा-बारा तास सराव करीत. आपल्याकडे तालमीत पोरे ठेवतात तसेच हे. फरक इतकाच की येथे घाम बोटांना येई.

मा जे-युन हा त्यांतला थोर खेळाडू. प्रेक्षक त्याला ‘मायस्त्रो’ म्हणत. 2007 च्या वसंतात तो शिखरावर होता, आणि त्याच वसंतात किम टेक-योंग नावाच्या नवख्या मुलाने त्याला अंतिम लढतीत सरळ तीन डावांत हरवले. त्यानंतर तो उतरतच गेला. 2010 साली कोरियातील सरकारी वकिलांनी जे खटले भरले, त्यांत तो होता, आणि तोही नुसता हरणारा म्हणून नव्हे. बेकायदा सट्टेवाले आणि धाकटे खेळाडू यांच्यामधला दुवा तो झाला होता. खेळाच्या संघटनेने अकरा खेळाडूंना जन्मभरासाठी बाद केले. न्यायालयाने माला एक वर्षाची कैद सुनावली, पण ती दोन वर्षे स्थगित ठेवली.

अमेरिकेतली हकीकत वेगळी, कारण तेथे पैसाही दिसायला पैसा नव्हता. ‘काउंटर-स्ट्राइक’ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2013 साली बंदुकांवरचे रंगीत साज विक्रीला काढले. खेळात त्यांचा काडीचा उपयोग नाही. तरी दुर्मिळ साजाला मोठी किंमत येऊ लागली, आणि पोरे लढतींवर तेच लावू लागली. कोणत्या बाजूला किती साज लागले यावरून शेकडेवारी ठरे आणि ती ठळकपणे दिसे. 21 ऑगस्ट 2014 रोजी आयबायपॉवर हा अमेरिकेतला बलाढ्य संघ नेटकोडगाइड्स या दुबळ्या संघाशी सोळा विरुद्ध चार असा हरला. खेळणाऱ्यांच्या हालचालीच पोरखेळासारख्या होत्या. पाच महिन्यांनी रिचर्ड लुईस या पत्रकाराने प्रकरण बाहेर काढले, आणि मग व्हॉल्व्हने आपल्या वह्या तपासल्या. प्रत्येक साज कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद कंपनीकडे होतीच. त्या लढतीत जिंकलेले मौल्यवान साज हस्ते-परहस्ते हरलेल्याच खेळाडूंकडे पोहोचले होते! जानेवारी 2015 मध्ये पाचांपैकी चौघे बाद झाले. पाचव्यावर कारवाई झाली नाही.

वर सांगितलेल्या पंडितांना येथे विचारावेसे वाटते, की त्या दिवशी दुबळ्या संघावर साज लावणारा माणूस बाजारात कोणते ज्ञान घेऊन आला होता? शेकडेवारी त्याच्या बाजूने झुकली असती तर ती अधिक खरी ठरली असती, हे कबूल. पण ज्या खरेपणाचा शोध चालला होता, तो म्हणजे या दोन संघांत सरस कोण. ते त्या रात्री कोणालाच कळले नाही. जे पाहत बसले होते त्यांना तर नाहीच.

गरिबीमुळे मुले बिघडतात असे कोरियात 2010 साली पुष्कळ बोलले गेले. धाकट्या खेळाडूंना वेतन तुटपुंजे होते, हे खरेच आहे. माझ्या वर्गातली मुले डोळ्यांपुढे असल्यामुळे मलाही ते कारण जवळचे वाटते. पण पुढची हकीकत त्यात बसत नाही. ली सुंग-ह्युन हा मुलगा पंधराव्या वर्षी ‘स्टारक्राफ्ट’च्या दुसऱ्या भागात कोरियाची मानाची स्पर्धा जिंकला, आणि 2014 साली सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्या एका विजेतेपदाचे बक्षीस एक लाख डॉलर होते. पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने दोन लढती मुद्दाम घालवल्या आणि त्यांचे सात कोटी वॉन घेतले. 2016 च्या जानेवारीत त्याला अटक झाली, जुलैत निकाल लागला. दीड वर्षाची कैद, ती तीन वर्षे स्थगित. आणि दंड सात कोटी वॉन, म्हणजे घेतले तेवढेच. त्या वेळी त्याला एकोणीस वर्षे पुरी होऊन सहा महिनेच झाले होते.